बॉनेटवरचं अळूचं पान

जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की त्या पक्षाच्या माणसानंच मान डोलवावी. मग उत्तराला उभं राहायचं. गाडीला लावायच्या मेणासाठी एवढा थाट कशाला, असं वाटेल. पण मे संपत आला की ज्याच्या दारात गाडी आहे तो या वादात कुठल्या ना कुठल्या बाजूला असतोच. डबा आणतो, रविवारची सकाळ घालवतो, पहिल्या सरीत बॉनेटवर टपोरे थेंब उभे राहिलेले पाहून खूश होतो, आणि तीन आठवड्यांनी त्याच बॉनेटवर पाणी ओल्या फडक्यासारखं पसरलेलं दिसलं की डब्याच्या नावानं बोटं मोडतो. दोष डब्याचा, की डबा उघडण्याआधीच्या आणि बंद केल्यानंतरच्या सवयींचा, एवढाच खरा वाद आहे. मी दुसऱ्या बाजूचा. पण आधी पहिल्या बाजूचं ऐकू.

पूर्वपक्ष : गोष्ट सरळ आहे, उगाच फाटे फोडू नका. मेणाचं आणि पाण्याचं जमत नाही. मेण आहे तोवर थेंब गोल, थेंब पसरला की मेण गेलं. त्यावर उपायही सरळच. कार्नौबा, म्हणजे ताडाचं कडक मेण, जास्त असलेलं, चार पैसे महाग मेण घ्यायचं आणि सढळ हातानं लावायचं. भिंतीला रंगाचे दोन हात देतो, मग गाडीला मेणाचे तीन हात का देऊ नयेत? ते आधीचं घासणं, धुणं, पुसणं हे सगळं सामान विकणाऱ्यांनी वाढवलेलं स्तोम आहे. साध्या माणसाकडे प्रयोगशाळा नसते, डोळे असतात, आणि डोळ्यांना थेंब दिसतो. इतकी फुकट आणि प्रामाणिक साक्ष दुसरी कुठली?

उत्तरपक्ष : ‘प्रामाणिक’ या शब्दापाशीच थांबतो, कारण गफलत तिथं आहे. थेंब साक्ष देतो खरा, पण तो ज्याला टेकलाय त्याचीच. त्याच्याखाली काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. थॉमस यंगनं १८०५ मध्ये द्रवांवरच्या आपल्या निबंधात हे कोडं सोडवलं. थेंबाची कड पृष्ठभागाला ज्या कोनात भेटते तो स्पर्शकोन. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण, खालच्या पृष्ठभागाची ओढ आणि दोघांच्या सीमेवरचा ताण अशी तिघांची रस्सीखेच चालते, त्यातून हा कोन ठरतो. आणि ही रस्सीखेच अगदी वरच्या रेणूंमध्येच होते. आता तुमच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ. जुन्या गाडीवर डिझेलचा बोळा फिरवून चमक आणायची रीत अनेकांनी पाहिली असेल. त्यावर पाणी ओता, थेंब झकास उभे राहतात. म्हणून डिझेल काही रंगाचं रक्षण करत नाही, उलट संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची धूळ त्यावर चिकटून बसते. ‘वॉश अँड वॅक्स’ म्हणून मिळणाऱ्या शाम्पूनं गाडी धुतली की थेंब गोल होतात, ते शाम्पूनं मागं ठेवलेल्या पदार्थामुळे. तुमचं मेण खाली असो वा नसो, थेंबाला फरक पडत नाही. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. मेण जागेवर शाबूत असतं, पण त्यावर धुळीचा पापुद्रा बसलेला असतो. आपल्याकडची धूळ म्हणजे बेसाल्टचा, वाळूचा, सिमेंटचा चुरा. ही खनिजं पाण्याला जवळ ओढतात. पाणी मेणापर्यंत पोचतच नाही, धुळीवरच पसरतं. मालक म्हणतो मेण उडालं, आणि मळलेल्या थरावर पुन्हा नवं मेण फासतो. नीट खळबळून न काढलेला शाम्पूही हेच करतो. त्याच्या रेणूला एक तेलकट शेपूट आणि एक पाणीवेडं डोकं असतं. शेपूट मेणाला बिलगतं, डोकं बाहेर राहतं, आणि मेणावर पाण्याला आवडणारं एक पांघरूण तयार होतं. अशा वेळी मेणाचा डबा शोधू नका. दोन बादल्या स्वच्छ पाणी ओता, थेंब परत येतात.

पूर्वपक्ष : हे बोलायला छान आहे. पण माझ्या गाडीचं मेण गेलंय की झाकलंय हे मला कळणार कसं? शेवटी थेंबच पाहायचा ना?

उत्तरपक्ष : पाहायचा, पण कधी पाहायचा हे ठरवून. बॉनेटच्या मधोमध रंगाऱ्याची कागदी टेप चिकटवा. एका बाजूला काहीच करू नका. दुसरी बाजू साध्या, मेण न घातलेल्या शाम्पूनं धुऊन भरपूर पाण्यानं खळबळून काढा. मग टेप काढून दोन्हीकडे तांब्यानं पाणी ओता. धुतलेल्या बाजूला थेंब परतले तर मेण आहे, नुसतं मळलं होतं. परतले नाहीत तर गेलं. एवढ्यापुरता तुमचा मुद्दा मी मान्य करतो, कारण घरी बसून याहून बरी चाचणी मलाही सुचत नाही. फक्त थेंबाचा गोलपणा पाहू नका, त्याची चाल पाहा. दारातल्या अळूच्या पानावर थेंब गोल असतो आणि पान जरा कललं की घरंगळतो. ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो ते यामुळेच. गुलाबाच्या पाकळीवरही थेंब तेवढाच गोल दिसतो, पण पाकळी उलटी धरली तरी तो सुटत नाही. दोन्हीकडे स्पर्शकोन मोठा. फरक आहे तो थेंबाची पुढची कड आणि मागची कड यांच्या कोनांमधल्या अंतराचा. हे अंतर कमी तर थेंब निसटतो, जास्त तर अडकून बसतो. स्वच्छ, पातळ, एकसारख्या मेणावर बॉनेटच्या उतारावरून थेंब एकमेकांत मिसळत धावतात. मळलेल्या किंवा जाड, पट्टे पडलेल्या मेणावर ते गोल दिसतात आणि तिथंच ठाण मांडतात. फोटोत दुसरं दृश्य जास्त देखणं येतं, एवढंच.

पूर्वपक्ष : अळूचा विषय काढलात ते बरं झालं. निसर्गाला जमतं ते महागड्या डब्याला का जमू नये? पैसे मोजले तर अळूसारखं बॉनेट मिळायला हवं.

उत्तरपक्ष : नाही मिळणार, आणि याला कंपन्यांची लबाडी कारण नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर कुठलंही रसायन लावा, पाण्याचा स्पर्शकोन साधारण १२० अंशांच्या पलीकडे नेता येत नाही. शोरूमवाले आवर्जून खपवतात त्या ‘टेफ्लॉन कोटिंग’मधलं टेफ्लॉन ११० अंशांच्या आसपास असतं. घरातल्या मेणबत्तीचं पॅराफिन १०५ ते ११० अंश देतं. म्हणजे नुसता थेंब गोल करायचा तर पाच रुपयांची मेणबत्ती आणि हजाराचा डबा यांत डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. अळूच्या आणि कमळाच्या पानावर कोन १५० अंशांच्या वर जातो. तिथं पानभर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे कण असतात, आणि थेंब त्या टोकांवर, मधल्या हवेच्या गादीवर तोललेला असतो. तसे उंचवटे बॉनेटवर उभे केले तर रंगाची चमक जाईल आणि फडक्याच्या पहिल्याच हातात ते मोडतील. कार्नौबाचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या भागातला हा ताड आपल्या पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यांवर मेण चढवतो. तो पाणी आत राखायला वापरतो, आपण बाहेर ठेवायला. हे मेण कडक असतं आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांतच वितळतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांच्या वर जाऊ शकतो, तेव्हा हा फरक खरोखर कामी येतो. पण इतकं कडक मेण हातानं लावता येत नाही म्हणून डब्यात द्रावक, मऊ मेणं, सिलिकॉनची तेलं मिसळलेली असतात. डब्यावर ताडाचं चित्र कितीही मोठं असलं, तरी आत निखळ कार्नौबा नसतो.

पूर्वपक्ष : बरं, प्रत राहू द्या. पण जास्त लावलं तर जास्त टिकेल, हे तरी अंकगणितानं सिद्ध होतं?

उत्तरपक्ष : अंकगणितच करू. लहान हॅचबॅकचा रंगवलेला पृष्ठभाग ८ चौरस मीटर धरा आणि तिला १० ग्रॅम मेण लावलं असं समजा. ते सगळंच्या सगळं जागेवर राहिलं तरी थर सव्वा मायक्रॉनच्या आसपास होईल. पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग द्रावकाचा, तो उडून जातो. उरलेल्यातला बराचसा तुम्ही स्वतःच मायक्रोफायबरनं पुसून काढता. खाली राहतो तो मायक्रॉनचा अंश. त्याच्याखालचा लॅकरचा, म्हणजे क्लिअर कोटचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. तुम्ही १० ग्रॅमऐवजी ५० ग्रॅम लावलंत तर जास्तीचे ४० ग्रॅम फडक्यात जातात, आणि काही पॅनेलच्या सांध्यांत पांढरे होऊन बसतात. भिंतीच्या रंगाची तुलना इथं लागू पडत नाही. भिंतीवरचा पहिला हात सुकून घट्ट पापुद्रा होतो आणि दुसरा त्याला धरतो. मेणाच्या दुसऱ्या हातातलं द्रावक पहिल्या हातालाच सैल करतं. पहिल्यांदा सुटलेल्या जागा भरायला दुसरा हात उपयोगी आहे; तेवढ्यासाठी जरूर द्या, एका दिवसाच्या अंतरानं. तिसरा फक्त मनाच्या समाधानाला. आणि ही चढणारी-उतरणारी पातळ साय सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंग वाचवते, हा समजही सोडून द्यावा. ते काम लॅकरमध्येच घातलेली रसायनं करतात.

मग मेण टिकतं ते कशानं? सारवल्याशिवाय रांगोळी धरत नाही, तसंच हे आहे. गाडी शाम्पूनं धुऊन कोरडी केली की ती डोळ्यांना स्वच्छ दिसते. आता हातावर भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बोटांची टोकं बॉनेटवरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला जे जाणवलं नव्हतं ते पिशवीतून जाणवतं: बारीक रवाळपणा, पॉलिश पेपरवरून बोट जावं तसा. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, सगळं लॅकरला घट्ट चिकटलेलं असतं आणि शाम्पूला दाद देत नाही. तुमचं मेण या रव्यावर बसतं. रवा सुटला की त्याच्यासकट जातं. लोखंडासाठी एक द्रव मिळतो, तो फवारला की पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ येतात आणि आपण आजवर कशावर मेण लावत होतो ते दिसतं. बाकीच्यासाठी क्ले बार, म्हणजे डिटेलिंगवाल्यांची चिकणमाती. ती भरपूर ओलाव्यावरच फिरवायची, कोरडी फिरवली तर ओरखडे काढते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून एकदा पुसायचं, म्हणजे जुन्या पॉलिशचं तेल निघतं. नैसर्गिक मेण रंगाला नुसतं चिकटून राहतं, पण सीलंटमधल्या, म्हणजे मेणाऐवजी लावायच्या सिलिकॉनच्या लेपातल्या, काही रेणूंना लॅकर पकडायला जागा लागते. ती जागा तेलानं अडवलेली असेल तर सहा महिन्यांचं सीलंट सहा आठवड्यांत गळतं. लावताना पत्रा थंड हवा, सावली हवी, आणि थर इतका पातळ हवा की लावलंय की नाही अशी शंका यावी. पुसायची वेळ घड्याळावर ठरवू नका. बोट ओढून पाहा, खाली स्वच्छ चकाकी उघडी पडली तर तयार, तेलकट फराटा उमटला तर थांबा. कोकणात जूनच्या दमट हवेत हे थांबणं बरंच लांबतं. आणि सीलंट असेल तर पुढचा निदान अर्धा दिवस, जमल्यास पूर्ण दिवस, त्यावर पाणी पडू देऊ नका.

पूर्वपक्ष : एवढं करण्यापेक्षा एकदाच सिरॅमिक कोटिंग मारून मोकळं व्हावं. तीन वर्षं बघायला नको.

उत्तरपक्ष : सिरॅमिक मेणापेक्षा टिकाऊ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. साधं मेण आपल्या हवेत चार ते आठ आठवडे धरतं, चांगलं सीलंट चार-सहा महिने, सिरॅमिक त्याहून बरंच जास्त. पण ‘बघायला नको’ हे खरं नाही. सिरॅमिकवरही धूळ बसते, खारट पाणी वाळतं, आणि तिथंही थेंब पसरतो. तिथं त्याला ‘कोटिंग बंद पडलं’ म्हणतात, आणि उपाय तोच, नीट धुणं. शिवाय वरची तयारी सिरॅमिकला मेणापेक्षा जास्त लागते. मेणाखाली राहिलेली घाण पुढच्या महिन्यात निघेल, सिरॅमिकखाली राहिलेली त्याच्यासोबत मुक्कामाला राहते. ज्याला अधूनमधून एखादा रविवार मोडायला आवडतो त्यानं मेणात समाधान मानावं, त्यात कमीपणा नाही.

पूर्वपक्ष : आता माझा खरा आक्षेप ऐका. तुम्ही म्हणता थेंब धावला पाहिजे. पण टप आणि बॉनेटचा सपाट भाग इथं तो धावत नाही, बसून राहतो. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. थेंब वाळला की पांढरं कडं राहतं. मेण नसतं तर पाणी पसरून सगळीकडे सारखं वाळलं असतं, डाग तरी दिसला नसता. म्हणजे तुमच्या मेणानं माझी गाडी जास्त खराब केली.

उत्तरपक्ष : या आक्षेपाला बगल देता येत नाही, कारण तो बरोबर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. बोअरचं पाणी ३०० चं धरलं तर १५ लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅम क्षार झाले, जवळजवळ चमचाभर मीठ. पसरलेलं पाणी ते सगळीकडे विखरून टाकतं. थेंब मात्र आपल्या वाट्याचे सगळे क्षार एका टिकलीएवढ्या जागेत गोळा करतो, आणि उन्हात पुन्हा पुन्हा तापून ते कडं लॅकरमध्ये रुतत जातं. (थेंब भिंगासारखा ऊन गोळा करून रंग जाळतो असं सांगणारे मात्र चुकतात. थेंब रंगाला टेकलेला असतो, त्याचा केंद्रबिंदू पत्र्याच्या खाली पडतो.) म्हणून मेण लावलेल्या गाडीला एक नियम मेण न लावलेल्या गाडीपेक्षा जास्त कडकपणे पाळावा लागतो. पावसाचं पाणी राहू द्या, ते जवळजवळ क्षारहीन असतं. पहिल्या एक-दोन धुळीच्या सरी सोडल्या तर त्याचे थेंब आपोआप वाळले तरी बिघडत नाही. नळाचं किंवा बोअरचं मात्र लगेच टिपायचं. टिपायचं, पुसायचं नाही: मोठा मायक्रोफायबर टॉवेल पाण्यावर पसरून उचलायचा. मेण ताजं असेल तर आणखी सोपं, शेवटची बादली मगानं सावकाश एका धारेत वरून सोडा. पाण्याची चादर सरकते आणि बरेचसे थेंब सोबत घेऊन जाते. कडी पडलीच असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून लावा, मिनिटभरानं धुवा, आणि तेवढ्या जागेवर पुन्हा मेण द्या, कारण व्हिनेगर मेणालाही सैल करतं.

भांडी घासायचा साबण गाडीला नको, हे वेगळं सांगायला नको. तो तूप काढायला बनवलाय, मेण आणि तूप यांत त्याला भेद नाही. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं तर ते त्याच संध्याकाळी धुवावं, आणि झेंडूच्या हाराची तार रंगाला लागू देऊ नये. पूजेला हरकत नाही, तारेला आहे.

पूर्वपक्ष : आणि रोज पहाटे गाड्या पुसायला येतो त्याचं काय? एक बादली, एक फडकं, वीस गाड्या.

उत्तरपक्ष : तुमच्या तीन हातांच्या मेणाचा मारेकरी तोच आहे, पण दोष त्याचा नाही. त्याला जे सांगितलंय ते तो करतो. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचा चुरा असतो, मोहच्या मापावर कठीणपणा ७. तो काचेलाही ओरखडा काढतो, लॅकरची काय कथा. आपल्या गाडीवर पाणी न ओतता तो ओलं फडकं गोल गोल फिरवतो, आणि बादलीतलं पाणी आधीच्या सतरा गाड्यांची धूळ पोटात घेऊन आलेलं असतं. उन्हात बॉनेटकडे तिरपं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळं दिसतात, ती या फडक्याची सही. वर्षाला ३६५ वेळा असं घासल्यावर कार्नौबा, सीलंट, सिरॅमिक, कुणाचाच टिकाव लागत नाही.

पूर्वपक्ष : मग त्याला बंद करू? बिचाऱ्याचं पोट आहे त्यावर.

उत्तरपक्ष : बंद कशाला? महिन्याचे पैसे तेवढेच द्या. काचा रोज पुसायला सांगा, आणि रंगावर आठवड्यातून एकदा आधी पाणी, मग शाम्पू, मग पाणी. बाकी सहा दिवस पत्र्याला हात लावायचा नाही.

पूर्वपक्ष : न पुसण्याचे पैसे? तो माझ्याकडे वेड्यासारखा बघेल.

उत्तरपक्ष : पहिला महिना बघेल.